आखडलेल्या बोटांवर इंजेक्शनचा उपचार : ड्युपिट्रेन आकुंचन

तळहाताच्या कातडीखाली एखादी टणक गाठ येते, पुढे तिची दोरी बनते आणि अनामिका किंवा करंगळी हळूहळू तळहाताकडे ओढली जाते. वाकलेले बोट दुसऱ्या हाताने जोर लावूनही सरळ होत नाही. वैद्यकशास्त्रात या विकाराला ड्युपिट्रेन आकुंचन असे नाव आहे. दीर्घकाळ त्यावर शस्त्रक्रिया हाच मुख्य उपाय होता. २०१० साली अमेरिकेत कोलाजिनेज या एन्झाइमच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली आणि चिरफाड न करता बोट सरळ करण्याचा एक मार्ग उपलब्ध झाला.

त्यानंतरच्या दीड दशकात या उपचाराचे फायदे आणि मर्यादा दोन्ही स्पष्ट झाल्या आहेत. लहान जखमेचा उपचार लवकर आराम देतो, परंतु विकार पुन्हा उद्भवण्याचा धोका त्यात अधिक असतो. शिवाय बोट वाकण्याचे कारण हाच विकार आहे याची खात्री झालेली नसेल, तर असे इंजेक्शन निरुपयोगीच नव्हे तर घातकही ठरू शकते. भारतासारख्या देशात, जेथे बोटे आखडण्याची इतर अनेक कारणे आढळतात, तेथे ही बाब विशेष महत्त्वाची आहे.

विकाराचे स्वरूप

तळहाताच्या कातडीखाली तंतूंचे एक मजबूत पटल असते. वस्तू घट्ट धरताना तळव्याची कातडी सरकू नये, हे त्याचे काम. हे पटल मुख्यतः कोलाजेन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असते. ड्युपिट्रेन विकारात या पटलातील काही पेशींचे रूपांतर आकुंचन पावणाऱ्या पेशींमध्ये होते. या पेशी जादा कोलाजेन तयार करतात आणि आजूबाजूच्या तंतूंना ओढून धरतात. प्रथम गाठ, नंतर कातडीला पडणारी खळी आणि शेवटी तळहातापासून बोटापर्यंत गेलेली ताठ दोरी, असा या विकाराचा क्रम असतो.

बोट हलविणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या, म्हणजेच कंडरा, या विकारात निरोगी असतात. दोष असतो तो त्यांच्या वर, कातडीच्या लगत असलेल्या पटलात. त्यामुळे रुग्णाला मूठ वळता येते, मात्र ती पूर्ण उघडता येत नाही. दुखणे सहसा नसते. याच कारणामुळे अनेक जण वर्षानुवर्षे वैद्यकीय सल्ला घेत नाहीत. तोंड धुताना बोट डोळ्यात जाणे, खिशात हात न जाणे, हातमोजा न चढणे, हस्तांदोलन करताना अडचण होणे अशा तक्रारी सुरू झाल्यावर रुग्ण डॉक्टरांकडे येतो.

नावामागील इतिहास

फ्रेंच शल्यचिकित्सक बॅरन गियोम ड्युपिट्रेन यांनी १८३१ साली पॅरिस येथील ओतेल-द्यू रुग्णालयात या विकारावर शस्त्रक्रिया करून त्याचे सविस्तर विवेचन केले. त्यावरून हे नाव रूढ झाले. मात्र त्यांच्याही आधी लंडनचे हेन्री क्लाइन यांनी १७७७ साली शवविच्छेदनात दोष कंडरांत नसून पटलात असल्याचे ओळखले होते. त्यांचे शिष्य ॲस्टली कूपर यांनी १८२२ साली अरुंद पात्याचे हत्यार कातडीच्या छोट्या छिद्रातून आत घालून दोरी कापावी, असे सुचविले होते. याचा अर्थ, कमीत कमी जखम करून बोट सोडविण्याची कल्पना दोनशे वर्षांपूर्वीची आहे.

ब्रिटनच्या माजी पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हातावर १९८६ साली, तर अमेरिकेचे माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या हातावर जानेवारी १९८९ मध्ये या विकारासाठी शस्त्रक्रिया झाली होती.

हा विकार कोणाला होतो

उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत ड्युपिट्रेन विकाराचे प्रमाण सर्वाधिक आहे. पुरुषांत तो स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो आणि वयाच्या पन्नाशीनंतर त्याची शक्यता वाढत जाते. अनेक कुटुंबांत तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या विकाराशी निगडित असे काही जनुकीय भेद निअँडरथल मानवाकडून आजच्या मानवात आल्याचे दिसून आले.

मधुमेह, मद्यपान, धूम्रपान आणि कंप पावणाऱ्या यंत्रांवर दीर्घकाळ केलेले काम यांच्याशीही या विकाराचा संबंध आढळला आहे. भारतात तो युरोपच्या तुलनेत कमी दिसतो. तथापि, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. मधुमेहींमध्ये हा विकार इतरांपेक्षा अधिक प्रमाणात आढळत असल्याने भारतीय डॉक्टरांनाही तो अपरिचित नाही. मधुमेहींमध्ये त्याचे स्वरूप बहुधा सौम्य असते आणि करंगळीऐवजी मधले बोट व अनामिका यांवर त्याचा परिणाम अधिक दिसतो.

घरच्या घरी करता येणारी चाचणी

तळहात खाली करून हात टेबलावर ठेवावा. पंजा आणि बोटे टेबलाला पूर्णपणे टेकत असतील, तर उपचाराची घाई नसते. बोट वर उचललेले राहत असेल आणि हात सपाट टेकत नसेल, तर तज्ज्ञांना दाखविण्याची वेळ आली असे समजावे. ऑस्ट्रेलियातील शल्यचिकित्सक जॉन ह्यूस्टन यांच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते.

नमस्काराची मुद्राही उपयोगी पडते. दोन्ही तळहात व बोटे एकमेकांना जुळत नसतील, तर सांधे किंवा तळव्याचे पटल आखडले असल्याची ती खूण आहे. मात्र नेमके कारण कोणते, हे या मुद्रेवरून ठरत नाही.

सारखी दिसणारी, पण वेगळी दुखणी

बोट वाकलेले दिसले की ते ड्युपिट्रेन आकुंचनच असेल असे नाही. पुढील दुखण्यांत कोलाजिनेजच्या इंजेक्शनचा उपयोग नाही.

कुष्ठरोग : यात कोपराजवळील मज्जातंतूला इजा झाल्याने करंगळी व अनामिका वाकतात. हीच दोन बोटे ड्युपिट्रेन विकारातही वाकत असल्याने गल्लत होऊ शकते. फरक असा की कुष्ठरोगात बोटांना बधिरता असते, स्नायू बारीक होतात, बोटाच्या मुळाचा सांधा मागे झुकतो आणि पुढची पेरे वाकतात. सुरुवातीला बोट दुसऱ्या हाताने सरळ करता येते. तळहातात दोरी नसते. भारताने २००५ च्या अखेरीस राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एक रुग्ण या मर्यादेखाली आणले. तरीही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात आढळतात. बधिरतेसह वाकलेल्या बोटाची तपासणी लांबविणे म्हणजे हात कायमचा गमावण्याचा धोका पत्करणे होय. या रोगावरील बहुविध औषधोपचार शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतो. कुष्ठरोगाने वाकलेल्या बोटांसाठी कंडरा बदलण्याची शस्त्रक्रिया वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित केली.

अडकणारे बोट : यात बोट वाकल्यावर अडकते आणि ‘कट्‌’ असा आवाज होऊन सुटते. येथे दोष कंडरेच्या आवरणात असतो आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनने बहुतेकांना आराम पडतो. मात्र ते इंजेक्शन वेगळे आणि कोलाजिनेजचे वेगळे.

मधुमेहातील ताठर हात : दीर्घकाळच्या मधुमेहात सर्वच बोटांचे सांधे ताठ होतात. नमस्कारात तळवे जुळत नाहीत. एखादी ठळक दोरी मात्र हाताला लागत नाही.

भाजल्यानंतरचे व्रण आणि अपघात : भाजलेली कातडी आकसल्याने किंवा मोडलेल्या हाताला अतिशय घट्ट पट्टी बांधल्यामुळे स्नायूंचा रक्तपुरवठा बंद पडून बोटे आखडतात. लाकडी कामट्या घट्ट बांधण्याच्या प्रकारातून असे घडल्याची उदाहरणे अस्थिरोगतज्ज्ञांना परिचित आहेत.

उपचार केव्हा करावा

केवळ गाठ असेल आणि बोट सरळ होत असेल, तर सामान्यतः उपचाराची गरज नसते. अनेकांच्या गाठी वर्षानुवर्षे तशाच राहतात. बोटाच्या मुळाचा सांधा सुमारे ३० अंश किंवा त्याहून अधिक वाकला, अथवा मधल्या पेराचा सांधा वाकू लागला, तर उपचाराचा विचार केला जातो. मधल्या पेराचा सांधा दीर्घकाळ वाकलेला राहिला की त्याच्या आतील बंधही आखडतात आणि मग दोरी तोडूनही बोट पूर्ण सरळ होत नाही. म्हणूनच या सांध्याच्या बाबतीत विलंब करू नये, असे सांगितले जाते. मालीश, व्यायाम किंवा रात्री बांधलेल्या पट्टीने तयार झालेली दोरी विरघळत नाही.

शस्त्रक्रिया आणि सुई

प्रचलित शस्त्रक्रियेत तळहातावर नागमोडी छेद घेऊन रोगट पटल काढून टाकले जाते. या दोरीभोवती बोटाचे मज्जातंतू व रक्तवाहिन्या गुंडाळल्या गेलेल्या असू शकतात, त्यामुळे हे काम नाजूक असते. जखम भरून येण्यास काही आठवडे आणि हाताची ताकद परत येण्यास काही महिने लागू शकतात. रक्त साकळणे, जंतुसंसर्ग, मज्जातंतूला इजा आणि सांधे ताठरणे हे त्यातील धोके आहेत. वारंवार उद्भवणाऱ्या विकारात कातडीही काढून तेथे नव्या कातडीचे रोपण करावे लागते.

दुसरा मार्ग सुईचा. कातडी बधिर करून इंजेक्शनच्या सुईच्या टोकाने दोरी जागोजागी कमकुवत केली जाते आणि बोट ताणून ती तोडली जाते. फ्रान्समधील संधिवाततज्ज्ञांनी १९७० च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. परंतु रोगट पटल जागेवरच राहते. नेदरलँड्समधील २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तौलनिक अभ्यासात पाच वर्षांनंतर सुईने उपचार केलेल्या सुमारे ८५ टक्के रुग्णांत विकार परत आला होता. शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते.

कोलाजिनेज म्हणजे काय

क्लोस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम हा जीवाणू धनुर्वाताच्या जीवाणूच्या कुळातील मानला जात असे. अलीकडे त्याचे वर्गीकरण बदलून त्याला हॅथवेया हिस्टोलिटिका असे नाव देण्यात आले आहे. हा जीवाणू कोलाजेन तोडणारी एन्झाइम तयार करतो. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठातील डॉ. लॉरेन्स हर्स्ट आणि डॉ. मारी बॅडालामेंटे यांनी या एन्झाइमचा ड्युपिट्रेनच्या दोरीवर काय परिणाम होतो, याचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातून हे औषध तयार झाले. झियाफ्लेक्स या नावाने त्याला फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. युरोपात झियापेक्स या नावाने ते २०११ मध्ये आले. औषधात शुद्ध केलेली दोन एन्झाइम असतात, जिवंत जीवाणू नसतात.

ही एन्झाइम दोरीतील कोलाजेनवर जोमाने काम करतात. रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांच्या आवरणातील विशिष्ट प्रकारच्या कोलाजेनवर त्यांचा परिणाम कमी होतो, ही त्यांची जमेची बाजू. मात्र कंडरा दोरीसारख्याच कोलाजेनच्या बनलेल्या असतात. औषध चुकून कंडरेत गेले तर ती तुटू शकते. म्हणूनच हे इंजेक्शन हाताच्या शरीररचनेचे ज्ञान असलेल्या आणि या पद्धतीचे खास प्रशिक्षण घेतलेल्या तज्ज्ञानेच द्यावयाचे असते.

इंजेक्शनची पद्धत

औषध कोरड्या भुकटीच्या स्वरूपात येते आणि सोबतच्या द्रावणात मिसळले जाते. एका वेळची मात्रा केवळ ०.५८ मिलिग्रॅम असते. बोटाच्या मुळाच्या सांध्यासाठी ०.२५ मिलिलिटर, तर मधल्या पेराच्या सांध्यासाठी ०.२० मिलिलिटर इतके द्रावण दोरीतच, जवळजवळच्या तीन ठिकाणी विभागून दिले जाते. करंगळीच्या मधल्या सांध्यासाठी सुई दोन ते तीन मिलिमीटरपेक्षा खोल जाऊ दिली जात नाही.

त्यानंतर हातावर मऊ पट्टी बांधून रुग्णाला घरी पाठविले जाते. हात उंच ठेवावा, बोटे हलवू नयेत आणि स्वतः बोट सरळ करण्याचा प्रयत्न करू नये, अशी सूचना दिली जाते. एक ते तीन दिवसांनी रुग्ण पुन्हा येतो. तेव्हा बोटाची जागा बधिर करून डॉक्टर ते सावकाश ताणतात. कमकुवत झालेली दोरी तुटते, कधी कधी तसा आवाजही येतो. त्यानंतर सुमारे चार महिने रात्री आधारपट्टी बांधावी लागते आणि दिवसातून अनेकदा बोटांचे व्यायाम करावे लागतात. आवश्यक असल्यास साधारण चार आठवड्यांच्या अंतराने एका दोरीत जास्तीत जास्त तीन वेळा इंजेक्शन देता येते.

दुष्परिणाम

बहुतेक रुग्णांना हाताला सूज येणे, काळेनिळे पडणे, दुखणे, खाज सुटणे असा त्रास होतो. काखेत गाठ येऊन दुखू शकते. हे त्रास सहसा काही दिवसांत ते काही आठवड्यांत ओसरतात. बोट ताणताना कातडी फाटण्याची शक्यता असते. कंडरा तुटणे, तीव्र ॲलर्जी आणि हातात दीर्घकाळ राहणारी वेदना हे धोके विरळ असले तरी गंभीर आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी त्याची माहिती डॉक्टरांना आधी दिलीच पाहिजे.

चाचण्यांचे निष्कर्ष

सप्टेंबर २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत ३०८ रुग्ण सहभागी झाले होते. कोलाजिनेज दिलेल्या सांध्यांपैकी ६४ टक्के सांधे जवळजवळ पूर्ण सरळ झाले. औषधविरहित द्रावण दिलेल्यांत हे प्रमाण ६.८ टक्के होते. याच चाचणीत दोघांची कंडरा तुटली.

पुढील पाहणीने मात्र उत्साहाला आवर घातला. यशस्वी ठरलेल्या सांध्यांपैकी ४७ टक्के सांधे पाच वर्षांत पुन्हा वाकू लागल्याचे २०१५ साली जाहीर झाले. मुळाच्या सांध्यात हे प्रमाण ३९ टक्के, तर मधल्या पेराच्या सांध्यात ६६ टक्के होते.

२०२४ साली दोन महत्त्वाचे तौलनिक अभ्यास प्रसिद्ध झाले. फिनलंडमधील ३०२ रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांनंतर शस्त्रक्रिया, सुई आणि इंजेक्शन या तिन्हींचे यश जवळपास सारखे, म्हणजे ७१ ते ७३ टक्के होते. दोन वर्षांनंतर मात्र शस्त्रक्रियेचे यश ७८ टक्के, इंजेक्शनचे ६५ टक्के आणि सुईचे ५० टक्के राहिले. ब्रिटनमधील ६७२ रुग्णांच्या अभ्यासात रुग्णांनी स्वतः केलेल्या हाताच्या मूल्यमापनानुसार वर्षभरानंतर इंजेक्शन शस्त्रक्रियेच्या तोडीचे ठरले नाही.

या आकड्यांचा अर्थ असा की, पहिल्या काही महिन्यांतील निकालावरून उपचाराची निवड करता येत नाही. ज्याला लवकर कामावर जायचे आहे, ज्याच्या वयामुळे किंवा प्रकृतीमुळे मोठी शस्त्रक्रिया टाळणे इष्ट आहे आणि ज्याच्या मुळाच्या सांध्यावर एकच ठळक दोरी आहे, त्याच्यासाठी लहान जखमेचा उपचार सोयीचा ठरतो. दीर्घकाळ टिकणारा परिणाम हवा असेल, तर शस्त्रक्रियेची बाजू आजही भक्कम आहे. कोणताही उपचार विकाराचे मूळ नष्ट करीत नाही.

औषधाची उपलब्धता

युरोपात या औषधाचा परवाना कंपनीच्या विनंतीवरून २०२० मध्ये मागे घेण्यात आला. त्यामागे सुरक्षिततेचे नव्हे, तर व्यावसायिक कारण होते. अमेरिकेत त्याचा वापर सुरू राहिला. त्यामुळे अमेरिकेतील नातेवाइकांवर झालेल्या उपचाराची माहिती ऐकून येथे त्याची मागणी करणाऱ्या रुग्णांनी, औषध अधिकृत मार्गाने आलेले आहे का आणि ते थंड तापमानात साठविलेले आहे का, याची खातरजमा करावी. कोलाजिनेज या नावाचे मलमही असते. ते जखमेवरील मृत ऊती काढण्यासाठी वापरले जाते. तळहातावर चोळल्याने आखडलेले बोट सुटत नाही.

विकाराच्या प्राथमिक अवस्थेसाठी दुसऱ्या एका इंजेक्शनवर संशोधन सुरू आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठातील प्रा. जगदीप नांचाहल यांच्या पथकाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, संधिवातावर वापरले जाणारे ॲडॅलिम्युमॅब हे औषध दर तीन महिन्यांनी गाठीत दिल्यावर गाठींचा कठीणपणा व आकार कमी झाला. यामुळे पुढे बोट वाकणे टळते का, हे ठरण्यासाठी दीर्घकाळच्या पाहणीची गरज आहे.

रुग्णांनी विचारावयाचे प्रश्न

उपचारापूर्वी रुग्णाने डॉक्टरांना काही प्रश्न अवश्य विचारावेत. बोट वाकण्याचे कारण निश्चित झाले आहे का? बोटांची संवेदना तपासली आहे का? कोणता सांधा किती अंश वाकला आहे? या सांध्यात विकार परत येण्याची शक्यता किती? तसे झाल्यास पुढचा उपाय कोणता? उपचारानंतर आधारपट्टी व व्यायाम यांची व्यवस्था कोठे होईल?

तळहातात गाठ दिसताच घाबरून जाण्याचे कारण नाही. तिचे छायाचित्र काढून ठेवावे आणि दर काही महिन्यांनी टेबलावर हात टेकवून पाहावा. मात्र हात सपाट टेकेनासा झाला किंवा बोटांना बधिरता जाणवली, तर हाताच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञ, अस्थिरोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन यांच्याकडून विनाविलंब तपासणी करून घ्यावी.